बाळंतिणीच्या खोलीतलं मशीन

मशीन लोणावळ्याला आलं ते मालकांच्या एका समजुतीमुळे. मालक दर उन्हाळ्यात इथल्या आपल्या बंगल्यावर महिनाभर राहायला यायचे, आणि इथल्या हवेत त्यांना भूक लागायची, गाढ झोप लागायची, गुडघे दुखायचे थांबायचे. पुण्याच्या कारखान्यात मशीन उन्हाने तापतं आणि सारखं बंद पडतं, अशी तक्रार त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी फार डोकं चालवलं नाही. आपल्याला जे मानवतं ते मशीनलाही मानवेल, असं म्हणून त्यांनी ते ट्रकमध्ये घालून एप्रिल महिन्यात थेट आपल्या बंगल्यावर धाडून दिलं. एप्रिल आणि मे मशीन खरंच खुशीत होतं. लोणावळ्याचा जुलै मालकांनी कधी पाहिलेलाच नव्हता.

साठीचं दशक तेव्हा उतरणीला लागलं होतं आणि मी नुकतीच मॅट्रिक होऊन टायपिंगची परीक्षा पास झाले होते. मशीन म्हणजे खरं तर तीन मशिनं होती, पण आम्ही तिन्हींना मिळून मशीनच म्हणायचो. पहिल्यावर मी बसायची. सकाळच्या गाडीने पुण्याहून चिठ्ठ्या यायच्या, कुठल्या गावच्या दुकानाला इंजिनाचा कुठला भाग हवाय त्याच्या. मी त्या वाचून खटाखट बटणं दाबायची आणि पोस्टकार्डाहून लांबुडक्या, ताठ कार्डांवर बारीक बारीक भोकं पडायची. दुसरं मशीन ती भोकं बघून कार्डं निवडायचं, नाशिकची नाशिकच्या खणात, कोल्हापूरची कोल्हापूरच्या. आणि इतक्या वेगाने, की पहिल्या दिवशी मी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. तिसरं मशीन निवडलेल्या कार्डांवरून यादी छापायचं. ती यादी दुपारी पावणेतीनच्या गाडीने पुण्याला जायची आणि तिच्यावरहुकूम संध्याकाळी कारखान्यातले ट्रक भरून निघायचे. यादी गेली नाही तर ट्रक जागच्या जागी उभे. कार्ल्याची, भाताच्या खाचरात वाढलेली मी बटणं दाबते आणि तिकडे कोल्हापूरला ट्रक निघतो, या विचाराने मला एसटीत एकटीलाच हसू फुटायचं. कंडक्टर विचारायचा, बाई, बरं आहे ना?

ही नोकरी मला आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मेहेरबानीने मिळाली होती. अट एकच, दिवेलागणीच्या आत घरी. लोणावळ्याहून कार्ल्याला एसटीने कितीसा वेळ लागतो, म्हणून ते जमायचं. पण आंदर मावळातलं एक स्थळ संक्रांतीपासून खेटे घालत होतं आणि आईच्या ते मनात भरलं होतं. मुलगा चांगला होता, शेती चांगली होती, मात्र गावाला दिवसाकाठी एक बस आणि पावसाळ्यात तीही नाही. आबांनी मला एकदा बसवून स्वच्छ सांगितलं होतं.

"लोनावळ्यात मशीन हाय तवर कर नोकरी. मशीन हितनं गेलं तर पुन्याला काय मी तुला धाडनार न्हाई. मंग त्या लोकांचं बगू."

म्हणजे माझं सगळं त्या मशीनवर आलं. ते लोणावळ्यात आहे तोवर मी नोकरदार, ते पुण्याला गेलं की मी आंदर मावळात भाकऱ्या थापणार. भाकऱ्यांशी माझं काही वाकडं नव्हतं, पण मला टाळ्या वाजवायची चटक लागली होती.

आणि मग पाऊस आला. पाऊस नुसता बाहेर पडला असता तर कुणाची तक्रार नव्हती. लोणावळ्यात तो घरात येऊन राहतो. धुकं खिडकीतून आत यायचं, टेबलावरून फिरायचं आणि दुसऱ्या खिडकीतून सावकाश बाहेर जायचं. मिठाचं पाणी झालं, काडेपेटी पेटेना, ऑफिसच्या साहेबांच्या बुटांवर हिरवी लव उगवली. कार्डं ओल धरून फुगली. निवडणाऱ्या मशीनला एक पातळ फट होती, तिच्यातून एका वेळी एकच कार्ड आत जायचं. फुगलेलं कार्ड त्या फटीत शिरायचं आणि अर्ध्यावर अडकायचं. मागून येणारी वीस-पंचवीस कार्डं त्याच्या पाठीवर चढून घड्याघड्यांची व्हायची आणि मशीन असा काही आवाज काढायचं की मला कानात बोटं घालावी लागायची.

आमचे साहेब फार भले गृहस्थ. मुंबईचे, एकटे, पन्नाशीचे, आणि हेड ऑफिसच्या नावाने पाचावर धारण बसणारे. मशीन किती वाजता बंद पडलं, किती वाजता सुरू झालं आणि का, हे लिहायला त्यांनी एक वही घातली होती. तिला आम्ही 'बंद-वही' म्हणायचो. जूनअखेरची तिची पानं मला अजून दिसतात. कारण: धुके. कारण: पाऊस. कारण: पाऊस. कारण: कळत नाही. कारण: पाऊसच. साहेबांनी उपाय काही कमी केले नाहीत. दिवे लावले, पंखे लावले, मशीनचं इंग्रजी पुस्तक त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. एकदा तर कार्डांचा गठ्ठा आपल्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळून पोटाशी धरून बसले. गठ्ठा वाळला नाही, साहेबांना मात्र सर्दी झाली.

तीन वेळा यादीची गाडी चुकली. मग हेड ऑफिसचं पत्र आलं. या पावसाळ्यात यादी आणखी एकदा जरी चुकली तरी मशीन पुण्याला हलवण्यात येईल. भाद्रपदात आमचे इंजिनिअर स्वतः येऊन पाहणी करतील आणि त्यांचा अहवाल अंतिम समजला जाईल. मला पावसाचा राग आला, मालकांच्या गुडघ्यांचा राग आला, आंदर मावळातल्या त्या बिचाऱ्या मुलाचा तर उगीचच राग आला. मी बटणांवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. साहेबांनी घाईघाईने रुमाल पुढे केला. तोही दमट होता.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. मावशी म्हणजे बंगल्याची झाडलोट आणि चहापाणी करणाऱ्या. डोंगरापलीकडच्या ठाकरवाडीतून रोज पाऊण तास चालत यायच्या, पावसात डोक्यावर पानांचं इरलं घेऊन. आठ लेकरांच्या आई आणि वाडीतल्या निम्म्या बाळंतपणांना हजर असलेल्या. त्यांनी कप ठेवले, माझ्याकडे बघितलं, मग एक कार्ड उचलून गालाला लावलं.

"वल धरलीया," त्या म्हणाल्या. "पोरी, रडतीस कशापायी? आमच्या वाडीवं चार म्हैने ऊन न्हाई. मंग लेकरांची बाळुती काय आमी वल्लीच गुंडाळतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या येताना कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालगं घेऊन आल्या. स्वयंपाकघरात शेगडीत निखारे फुलवले, त्यावर राख पसरली, वर डालगं पालथं घातलं आणि डालग्यावर कार्डं मांडली, जशी बाळुती मांडतात तशी, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. साहेब दारात उभे राहून थरथरत होते. कागद आणि विस्तव एका खोलीत, आणि इंग्रजी पुस्तकात तर मशीनच्या आसपास सिगारेटसुद्धा ओढू नका म्हणून लिहिलेलं. त्यांनी दोन बादल्या पाणी भरून जवळ ठेवलं आणि डोळे मिटले. घटकाभराने मावशींनी एक कार्ड पुन्हा गालाला लावलं आणि मान हलवली. मी गठ्ठा मशीनमध्ये घातला. सर्र्र्र! एकही कार्ड अडकलं नाही. नाशिक नाशिकला गेलं, कोल्हापूर कोल्हापूरला. मी टाळ्या वाजवल्या, मावशींनी वाजवल्या, साहेबांनी आनंदाच्या भरात बादली लाथाडली आणि सगळं पाणी स्वयंपाकघरभर झालं.

त्या दिवसापासून मशीनची खोली मावशींच्या ताब्यात गेली. त्यांच्या लेखी ते ओल न सोसणारं, किरकिरं, नाजूक असं तान्हं बाळ होतं आणि त्याचं सगळं रीतीप्रमाणे व्हायला हवं होतं. खिडक्या बंद. फटींना चिंध्या. बाहेरून आलेल्या माणसाने एकदम आत यायचं नाही. आधी ओसरीवर पाय पुसायचे, शेगडीपाशी बसून अंग शेकायचं, मगच उंबरा ओलांडायचा. पुस्तकात हेच लिहिलंय हो, असं साहेब पानं उलटत म्हणाले, फक्त शेगडीचं नाही. मावशींनी शेगडीत ओवा आणि बाळंतशेपाही टाकायला सुरुवात केली. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "आता शेगडी पेटवलीया तर धुरी नगं द्याया?"

जुलै गेला. श्रावण गेला. बंद-वहीत साहेब रोज तारीख घालायचे आणि पुढे एक लांबलचक, आनंदी रेघ ओढायचे. मशीन असं काही धावत होतं की पावणेतीनच्या गाडीला यादी द्यायला आम्ही पावणेदोनलाच तयार असायचो. हेड ऑफिसकडून फक्त एक पत्र आलं. हेड ऑफिसच्या स्वतःच्या मशीनला कोरी कार्डं कमी पडली म्हणून त्यांनी आमच्याकडून एक गठ्ठा मागवून घेतला होता. त्याबद्दल लिहिलं होतं की कार्डं उत्तम आहेत, परंतु त्यांना बाळंतिणीच्या खोलीचा वास कसा येतो याचा खुलासा व्हावा. साहेब दिवसभर खुलासा लिहीत होते आणि फाडत होते. मी आणि मावशी स्वयंपाकघरात एकमेकींच्या अंगावर पडून हसत होतो. इतकं हसायला येण्यासारखी नोकरी माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

भाद्रपदात इंजिनिअर आले ते नेमके धो धो पावसात. स्टेशनवर टांगा मिळाला नाही म्हणून चालत आले आणि बंगल्याच्या ओसरीवर चढले तेव्हा त्यांच्या कोटाच्या बाह्यांतून पाणी वाहत होतं. चष्मा पुसत ते तरातरा मशीनच्या खोलीकडे निघाले. दारात मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आदी पाय पुसा," मावशी म्हणाल्या. "मंग शेगडीपाशी बसा. आंग सुकलं की आत."

"अहो बाई, मी हेड ऑफिसमधून आलोय."

"आला असाल. पर भिजून आलायसा."

साहेबांचा चेहरा मला बघवेना. पण इंजिनिअर अडून राहिले आणि मावशी त्यांच्याहून अडून राहिल्या, आणि शेवटी शिंका यायला लागल्या म्हणून इंजिनिअरांना हार खावी लागली. त्यांचा कोट, शर्ट आणि पँट डालग्यावर गेली. ते स्वतः साहेबांची निळी लुंगी नेसून आणि मावशींचं घोंगडं पांघरून शेगडीपाशी बसले. ओव्याच्या धुरात त्यांना हळूहळू बरं वाटायला लागलं असावं, कारण दुसऱ्या कपाला त्यांनी चहात आलं घालायला सांगितलं.

सव्वा वाजण्याच्या सुमाराला त्यांनी लुंगीची गाठ मारली आणि आत आले. मी कार्डं तयार ठेवली होती, पाचेकशे असतील, त्या दिवसाच्या सगळ्या चिठ्ठ्यांची. इतके दिवस न अडखळता चाललेलं मशीन. माझ्या मनात भीतीचा लवलेश नव्हता, उलट मी ऐटीत होते. गठ्ठा घातला, बटण दाबलं. सर्र्र् सुरू झालं. शंभरेक कार्डं गेली असतील. आणि मग तोच आवाज आला, जूनमधला, कानात बोटं घालायला लावणारा.

साहेब मटकन खाली बसले. इंजिनिअरांनी मशीनचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट काळंकुट्ट. पुन्हा घातलं, पुन्हा काळं. फटीतून काढलेल्या कार्डांवर काळे, तेलकट फराटे ओढले होते आणि कार्डं एकमेकांना चिकटून बसली होती.

"हे काय आहे?" त्यांनी बोट नाकाशी नेलं. "तूप?"

मी मावशींकडे बघितलं. मावशी खाली बघत होत्या. मग मला सगळं कळलं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, त्यात तूप. बाळाला लावतात ती तीट. मावशींनी सकाळी ती मशीनच्या गालावर, बरोबर कार्डं आत घेणाऱ्या फटीशेजारी, ठसठशीत लावली होती. मशीन काळं, तीट काळी, कुणाला दिसणार? मशीन तापलं, तूप पातळ झालं आणि ओघळून आत गेलं.

"कुणी केलं हे?" इंजिनिअरांनी विचारलं.

"मी," असं मी म्हणाले, आणि त्याच क्षणी साहेबही "मी" म्हणाले, आणि मावशी "म्या" म्हणाल्या. तिघांचे आवाज एकत्रच आले. इंजिनिअर तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"म्या लावली," मावशी पुढे आल्या. "या दोगांचं काय बी ऐकू नगा. इतके दिस येक डाव बी बंद पडलं न्हाई. आन आज मोठा मानूस बगाया येनार. दिष्ट लागती, सायेब. आमचं लेकरू गुटगुटीत झालं का आमी लावतो."

इंजिनिअर घड्याळाकडे बघून म्हणाले की आतले रूळ सोडवून, पुसून, पुन्हा बसवायला दोन तास लागतील. पावणेदोन होत आले होते. गाडीला तास उरला होता. माझ्या डोळ्यासमोर आंदर मावळातला तो डोंगर उभा राहिला, एका बसचा, आणि मला असा काही संताप आला की रडू यायचं विसरूनच गेलं.

"हातानं निवडू," मी म्हणाले.

मशीन तरी काय करत होतं? भोक कुठे आहे ते बघत होतं. ते मलाही दिसत होतं. मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, प्रत्येक गावाचं एकेक कार्ड नमुना म्हणून मांडलं आणि सगळ्यांना खाली बसवलं, हेड ऑफिसच्या इंजिनिअरांनासुद्धा. "हे बघा, हितं भोक असलं की नाशिक. हितं असलं की सोलापूर. बाकीच्या भोकांकडे बघायचंच नाही." माझ्या तोंडून गावची बोली बाहेर पडत होती आणि मला तिचं भान नव्हतं. आम्ही चौघं मांडी घालून, आपापले ढीग करत कार्डं निवडायला लागलो. साहेब प्रत्येक कार्ड उजेडाकडे धरायचे. इंजिनिअर भराभर टाकायचे. आणि मावशींचा हात तर बघत राहावा असा! त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण भोकाला अक्षरओळख लागत नाही, आणि जन्मभर तांदळातले खडे वेचलेल्या बाईला एक भोक ते काय! आमची तिघांची मिळून जेवढी व्हायची तेवढी त्यांची एकटीची होत होती.

आता चुका शोधायला हव्या होत्या. एक कार्ड चुकीच्या ढिगात गेलं तर सोलापूरचा पंप नाशिकला जाणार. मी एसटीत येता-जाता धाकट्या भावाचा स्वेटर विणायची, तो पिशवीत होता. त्याची एक सुई मी सरळ उपसून काढली, टाके सुटले तर सुटले. एकेकाचा नाशिकचा गठ्ठा ठोकून सरळ केला आणि नाशिकच्या भोकातून सुई घातली. सगळी कार्डं नाशिकची असतील तर सुई आरपार जाईल, एखादं परकं असेल तर तिथे अडेल. सुई तीनदा अडली. तिन्ही कार्डं इंजिनिअरांनी टाकलेली निघाली.

"मावशींच्या ढिगात घाला बघू," ते जरा चिडूनच म्हणाले.

मावशींच्या ढिगातून सुई लोण्यातून जावी तशी गेली. मावशींनी घोंगड्यातल्या इंजिनिअरांकडे बघितलं आणि त्यांची तिन्ही कार्डं उचलून बरोबर ढिगात टाकली.

छापायचं मशीन धड होतं. त्याने खडखड करत यादी छापली. पाकीट बंद झालं तेव्हा अडीच वाजून गेले होते, स्टेशनला चालत पंधरा मिनिटं, आणि बाहेर पाऊस असा की झाडं दिसत नव्हती. साहेबांना पळणं शक्य नव्हतं. मी पदर खोचला. पण माझ्या हातातून पाकीट कुणीतरी काढून घेतलं. इंजिनिअरांनी ते मेणकापडात गुंडाळलं, मावशींचं इरलं डोक्यावर घेतलं, निळी लुंगी गुडघ्यावर खोचली आणि अनवाणी पळत सुटले. मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे ओरडत गेले, "पार्सलच्या खिडकीत! डाव्या हाताला!" बाजारातली माणसं दुकानांच्या फळ्यांवर येऊन बघत उभी राहिली. एवढ्या मोठ्या पगाराचा माणूस इरल्याखाली पळताना त्यांनी पूर्वी पाहिला नसणार.

ते परत येईपर्यंतचा अर्धा तास मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. मी निम्मा स्वेटर उसवला. फाटक वाजलं आणि ते चिखलाने भरलेल्या पायांनी ओसरीवर चढले.

"गेली," ते धापा टाकत म्हणाले. "खिडकीतल्या माणसाने आधी मला विचारलं, भाजीची पाटी कुठाय म्हणून."

मग ते हसायला लागले, आणि साहेब हसायला लागले, आणि मी तर इतकी हसले की खांबाला धरून खाली बसले. मावशींनी मात्र त्यांना पुन्हा पाय पुसायला लावले.

मग चहाबरोबर अहवाल लिहायची वेळ आली. इंजिनिअरांनी कागदावर पेन टेकवलं आणि उचललं.

"अडचण अशी आहे," ते म्हणाले. "मशीन बंद पडूनही काम थांबलं नाही, हे लिहिलं तर हेड ऑफिस विचारेल, मग मशीन हवंय कशाला?"

मशीन पुण्याला जायची भीती होती, मोडीत जायची तर मनातसुद्धा आली नव्हती. मी धीर करून त्यांना सगळं सांगून टाकलं, आबांची अट, आंदर मावळ, एक बस. त्यांनी ऐकून घेतलं. मग साहेबांकडून हेड ऑफिसचं ते पत्र मागितलं आणि दोनदा वाचलं.

"यात विचारलंय, यादी चुकली का. यादी चुकलेली नाही." त्यांनी तेवढंच लिहिलं, मशीन आहे तिथेच ठेवावं असं लिहिलं आणि खाली सही केली. बंद-वहीत मात्र कारण लिहायलाच हवं होतं. साहेबांना खोटं लिहिता येत नव्हतं. त्यांनी मग आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: वंगण जास्त झाले.

निघताना इंजिनिअर मावशींना म्हणाले, "यापुढे तीट भिंतीला लावत जा."

"भितीला कोन बगतंय?" मावशी म्हणाल्या. पण पुढे त्या भिंतीलाच लावायच्या.

संध्याकाळी मी एसटीतून उतरले ती घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले. ओटीवर चार चपला दिसल्या. आंदर मावळातले पाहुणे आले होते, मुलाचे वडील आणि मामा. मशीन आज जाणार अशी कुणकुण त्यांना लागली होती. आबा त्यांच्यासमोर बसले होते, पान लावत. मी दारात थांबले. आबांनी मान वर केली नाही.

"गेलं का मशीन?"

"न्हाई आबा. हितंच ऱ्हानार हाय."

आबांनी पानाला चुना लावला, कात टाकला, सावकाश घडी घातली.

"ऐकलंसा न्हवं?" ते पाहुण्यांना म्हणाले. "पोरगी कामात हाय. आमास्नी काय आता जमायचं न्हाई. मशीन बंद पडलं का मी सोता निरोप धाडतो."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि उठले. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. आबा पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आले, चुलीपाशी माझ्यासमोर बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला. मग इकडेतिकडे बघून, आईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाले,

"बंद पडू दिऊ नगंस."